राजीच्या घरी

आवडत्या लेखकाचे घर पाहायला माणसे जातात. पण व्हिडिओ गेमचे घर पाहायला कोण जाईल? आमची भाची! सिरोंच्याहून पुणे म्हणजे राज्याचे दुसरे टोक. पण तिला शनिवारवाडा नको, पर्वती नको. ‘राजी’ जिथे घडली ते ‘नॉडिंग हेड्स गेम्स’च पाहायचे होते.

राजी म्हणजे असुरांनी पळवलेल्या गोलूला, धाकट्या भावाला, शोधायला निघालेली मुलगी. तिची कथा बाली बेटावरच्या सावल्यांच्या बाहुल्यांच्या धर्तीवर सांगितली आहे. मला गोदावरीपलीकडची तोलुबोम्मलाट आठवली: चामड्याच्या बाहुल्या, पडदा आणि मागे दिवा.

२०१७ साली या मंडळींनी लोकवर्गणी मागितली. ठरलेली रक्कम जमली नाही. तरी २०२० साली राजी जगापुढे आली. ‘साभार परत’ आलेली हस्तलिखिते जपून ठेवणाऱ्या माझ्यासारख्या कादंबरीकाराला त्या तीन वर्षांचे मोल कळते.

आत पाहिले तर संगणक, आणि त्यांपुढे मान खाली घालून बसलेली माणसे. मी जरा हिरमुसलोच. भाची मात्र देवळात उभी राहावी तशी उभी!

“एवढे काय ग आहे त्या राजीत?”

“मामा, तिला भाऊ सापडतो की नाही, ते हेच लोक ठरवतात ना?”

तिचा धाकटा भाऊ त्याच जूनमध्ये नागपूरच्या वसतिगृहात गेला होता.