पगाराची पावती जपून ठेवा

दवाखान्यात नोकरी आहे म्हटले की पाहुण्यारावळ्यांना वाटते, यांचे बरे चालले असणार. पांढरा गणवेश, पायात बूट, वर पंख्याखालचे काम. वस्तीतली माणसेही तसेच समजतात. रात्री अकरा वाजता दार वाजते, “सिस्टर, जरा बीपी बघा की वो, आमच्या म्हाताऱ्याला गरगरायला लागलंय.” सिस्टर उठतात, बीपी बघतात आणि गरज पडली तर आमच्यापैकी दुसरा गाडी काढून पेशंटला सीपीआरला पोहोचवून येतो. या कामाचे पैसे आम्ही कधी घेतले नाहीत आणि घेणारही नाही. पण दुसऱ्याच्या उशाशी जागणाऱ्या माणसांच्या स्वतःच्या उशाखाली काय शिल्लक असते, हे एकदा मोकळेपणाने लिहावे असे मनात होते. आम्ही दोघे नवरा-बायको कोल्हापुरातच राहतो, दोघेही दवाखान्यात काम करतो. एक जण नर्स, दुसरा ठेकेदाराकडचा वॉर्डबॉय. हे लिखाण दोघांनी मिळून केले आहे, म्हणून ‘आम्ही’.

आमच्या आधीच्या पिढीला दवाखान्यात एकच काम मिळे, झाडलोटीचे. आमच्या आईने, म्हणजे एकाच्या आईने आणि एकीच्या सासूने, बावीस वर्षे दवाखान्याच्या फरश्या पुसल्या. तिची सून नर्सिंगचा जीएनएम हा अभ्यासक्रम पूर्ण करून सिस्टर झाली, तेव्हा आईने वस्तीत पेढे वाटले. शिक्षणाने माणूस फरशीवरून टेबलापाशी येतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. परंतु टेबलापाशी आल्याने संसाराला आधार मिळतोच असे नाही, हेही आम्ही पाहिले.

आधी हिशोब सांगतो. आमच्यापैकी एकीच्या हातात महिन्याला १४,५०० रुपये येतात, दुसऱ्याच्या हातात १२,५००. दोघांचे मिळून २७ हजार. घरभाडे साडेपाच हजार. किराणा, दूध, गॅस आठ हजार. लाइटबिल आणि मोबाइल दीड हजार. पेट्रोल दोन हजार. मुलाची शाळा आणि शिकवणी अडीच हजार. आईची औषधे दीड हजार. मुलगी मिरजेला शिकते, तिच्या खाण्यापिण्याला आणि येण्याजाण्याला साडेतीन हजार. बेरीज साडेचोवीस हजार. उरले अडीच हजार. त्यातच सणवार, लग्नकार्य, आजारपण, चपला, छत्री आणि उद्याची चिंता.

आता हाच पगार दुसऱ्या बाजूने पाहा. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. सुई तीच, सलाईन तीच, पेशंटचे कण्हणेही तेच. फरक फक्त दारावरच्या पाटीचा. हा फरक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली. समितीने सांगितले की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयात नर्सला राज्य सरकारच्या नर्सइतका पगार मिळावा. १०० पेक्षा जास्त खाटा असतील तर तो सरकारी पगारापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावा आणि ५० ते १०० खाटा असतील तर पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावा. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या लहान दवाखान्यातही २० हजारांच्या खाली जाऊ नये. अंमलबजावणीचे काम मात्र राज्यांवर सोपवले गेले. आमचा दवाखाना लहान खाटांचा. म्हणजे त्या शिफारशीप्रमाणेसुद्धा आमच्या घरात दर महिन्याला साडेपाच हजार रुपये कमी येतात. वर्षाचे ६६ हजार. शिफारस आणि कायदा यांत काय अंतर असते, ते आम्हाला दर महिन्याच्या सात तारखेला कळते.

पगार कमी असणे हे एक दुःख. पगारातून कापलेले पैसे जागेवर न पोहोचणे हे त्याहून मोठे. आधीच्या एका दवाखान्यात आमच्यापैकी एकीने सहा वर्षे नोकरी केली. दर महिन्याच्या पावतीवर पीएफची कपात स्पष्ट छापलेली असे. कामगाराचे बारा टक्के आणि तेवढाच वाटा मालकाचा, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. नोकरी सोडताना खाते तपासले, तर सहा वर्षांपैकी चौदाच महिन्यांचा भरणा दिसला. बाकीचे कुठे गेले, विचारले तर “बघू, भरू” एवढेच उत्तर.

आम्हाला वाचवले ते एका पत्र्याच्या डब्याने. आई फारशी शिकलेली नव्हती, पण तिचा एक दंडक होता. कागद फाडायचा नाही. ती म्हणायची, “कागूद बोलतोय, मानूस इसारतोय.” त्या डब्यात सहा वर्षांच्या सगळ्या पगाराच्या पावत्या ओळीने लावलेल्या होत्या. त्याच दवाखान्यातल्या आणखी दहा सिस्टर आणि आया गाठल्या. काहींकडे पावत्या होत्या, काहींकडे बँकेचे पासबुक. अकरा जणींनी एकाच अर्जावर सह्या केल्या आणि ताराबाई पार्कातल्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात अर्ज दिला. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे, हे तिथेच समजले. चौकशी लागली, मालकाला नोंदी आणाव्या लागल्या, टप्प्याटप्प्याने रक्कम व्याजासह खात्यावर आली. एकटीने अर्ज केला असता तर तिला “तुमचं काहीतरी चुकतंय बाई” म्हणून परत पाठवणे सोपे होते. अकरा जणींना तसे म्हणणे जड गेले.

बाळंतपणाच्या वेळचा अनुभवही असाच. २००६ मध्ये आमच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा सांगण्यात आले, रजा हवी तेवढी घ्या, पण बिनपगारी. आम्ही ती रजा दोन महिन्यांत आटोपती घेतली, कारण घरात एकच पगार चालू होता. खरे पाहता १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात तेव्हाही बारा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली. हा हक्क कुठून आला, हे आपल्या घरातल्या मुलींना सांगितले पाहिजे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देण्यासाठी बाबासाहेब उभे राहिले होते. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. इतक्या वर्षांनंतर कोल्हापुरातल्या एका नर्सला तो हक्क माहीत नसावा आणि तिच्या मालकाने तो सांगू नये, यातच सगळे आले.

कमाई थोडी असली तरी आम्ही शिल्लक टाकत होतो. दवाखान्याच्या दारात येणाऱ्या पिग्मी एजंटाकडे रोज वीस रुपये, आणि बायकांची महिन्याची भिशी. त्यातून ३८ हजार जमले होते. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेले ५५ फुटांच्या वर. आम्ही तेव्हा जयंती नाल्याच्या अंगाला राहत होतो. एका रात्रीत घरात कमरेएवढे पाणी शिरले. मुलांना आणि आईला राजेंद्रनगरातल्या मावशीकडे पोहोचवले. सिस्टर मात्र चार दिवस घरी येऊ शकल्या नाहीत. दुसऱ्या पाळीच्या मुली पाण्यात अडकलेल्या, मग पेशंट कुणावर सोडायचे? चार दिवस एकच गणवेश, दोन तासांची झोप. पाणी ओसरल्यावर घरी येऊन पाहतो तो फ्रीज उताणा, गाद्यांचा चिखल, मुलीची पुस्तके फुगून दुप्पट झालेली. कागदाचा डबा तेवढा आईने आठवणीने सोबत नेला होता.

जमलेले ३८ हजार पंधरा दिवसांत संपले. वर तीस हजारांचे कर्ज घ्यावे लागले, गटाचे, आठवड्याच्या हप्त्याचे. आठवड्याचा हप्ता आणि महिन्याचा पगार यांचे कधी जमत नाही. तिसऱ्या आठवड्यात हात रिकामा असतो आणि हप्तेवाला दारात असतो. त्यात २०२० चा कोरोना आला. आम्ही दोघेही रोज कामावर जात होतो, घरी आल्यावर मुलांपासून लांब झोपत होतो. त्या दिवसांत लोकांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांवर हप्ता फिटत नाही, हे कुणाला सांगणार? जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. तोवर आम्ही उंचावरच्या भागात खोली घेतली होती. भाडे दीड हजाराने जास्त, पण तोही एक विमाच आहे असे आम्ही धरतो. २०२२ च्या दिवाळीआधी शेवटचा हप्ता दिला.

या सगळ्यात एक खाते आम्ही मोडले नाही. २०१५ साली सुकन्या समृद्धी योजना सुरू झाली. दहा वर्षांच्या आतील मुलीच्या नावाने खाते निघत होते आणि आमची नऊ वर्षांची होती. पोस्टात खाते काढले, महिन्याला पाचशे रुपये. पुरातही तो भरणा चुकला नाही. २०२४ मध्ये ती बारावी झाली आणि मिरजेला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. तेव्हा कळले की भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला आम्ही पात्र नाही. कारण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची, २०२१ च्या नव्या नियमावलीतही ती तेवढीच ठेवलेली. आमचे दोघांचे वर्षाचे होतात तीन लाख चोवीस हजार. म्हणजे शिष्यवृत्तीच्या हिशोबात आम्ही सुखवस्तू! सुदैवाने राज्याची फ्रीशिप आहे, त्यातून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क भागते. पण निर्वाह भत्ता नाही. वसतिगृहाची अनामत, गणवेश, पुस्तके, भांडीकुंडी यांचे काय? मुलीला अठरा वर्षे झाल्यावर शिक्षणासाठी सुकन्या खात्यातली निम्मी रक्कम काढता येते. ३८ हजार मिळाले. पाचशे-पाचशेचे ते पैसे नसते तर मुलीला “एक वर्ष थांब” म्हणावे लागले असते. मुलींच्या बाबतीत एक वर्ष थांबणे म्हणजे काय, हे आपल्या वस्तीत कुणाला सांगायला नको.

पोरीने हीच ड्यूटी का निवडली, असे आम्हाला विचारतात. आम्हीही तिला विचारले. ती म्हणाली, “मम्मी, तू करतीस ते काम वाईट नाही, तुला देतात तो पगार वाईट आहे.” तिचा डोळा सरकारी भरतीवर आहे. तिथेही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळाली नाही, त्यासाठी १४ ते २० मार्च २०२३ असा राज्यभर संप झाला, हे तिला ठाऊक आहे. नोकरीला लागण्याआधीच तिला हक्काची भाषा येते, हे आम्हाला आमच्या शिलकीपेक्षा मोठे वाटते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग खाण्यापिण्याला, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. आमच्या पगाराचे चार भाग होत नाहीत, हे खरे. पण उरलेल्या अडीच हजारांचे तरी आम्ही भाग पाडतो. पाचशे सुकन्याला, हजार पोस्टाच्या आरडीला, हजार अचानकच्या खर्चाला. चौथा भाग लहान आहे, पण आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आमच्यासारखी माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. आया, वॉर्डबॉय, सिस्टर, लॅबमध्ये काम करणारी पोरे, घरोघर फिरणाऱ्या आशाताई. त्यांच्यासाठी आम्हाला उमगलेले एवढेच सांगतो. पगाराची पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. रोख पगार देत असतील तर सही केलेल्या कागदाची प्रत मागा. पीएफचा यूएएन क्रमांक घ्या आणि तीन महिन्यांतून एकदा उमंग ॲपवर पासबुक तपासा, मुलांना सांगा, ती काढून देतील. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचे कार्ड मिळते का, विचारा. जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा आहे. बँकेतून वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा मिळतो, तो अर्ज भरा. केशरी-पिवळ्या रेशनकार्डापुरती असलेली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या निर्णयाने सर्व रेशनकार्डधारकांना आणि पाच लाखांपर्यंत लागू झाली, म्हणून रेशनकार्डावरची नावे आधारशी जुळवून ठेवा. आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज घेण्याआधी ते महिन्याच्या पगारात कसे बसेल, ते वहीत लिहून पाहा. बारसे आणि वाढदिवसाचा मंडप लहान घातला तर कुणी नावे ठेवत नाही, ठेवलीच तर दोन दिवस ठेवतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकट्याने अर्ज करू नका. दवाखान्यात आपण दुसऱ्याला उठवून बसवतो, ते एकट्याने होत नाही. एकाने खांद्याला धरायचे, दुसऱ्याने पाठीला. आपल्या हक्काच्या पैशाचेही तसेच आहे. या महिन्याची पावती मिळाली की शेजारच्या सिस्टरला विचारा, “तुझी दाखव बघू, माझी आणि तुझी जुळते का?” तिथून सुरुवात होते.

जयभीम.