घंटा नाशकात, थडगी वसईत

डोंगरावरच्या आमच्या जव्हाराहून दोन वाटा निघतात. एक मोखाड्यावरून त्र्यंबक-नाशिकला जाते, दुसरी विक्रमगड-मनोरवरून खाली समुद्राकडे उतरते. पहिली वाट मी पुष्कळदा तुडवली आहे. गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळातली ती प्रचंड घंटा पाहिली, की माझा ऊर भरून येई. तिच्यावर १७२१ साल आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण! वर्गात हा प्रसंग मी नेहमी रंगवून सांगत असे.

गेल्या वर्षी तो सांगून झाल्यावर वसईची एक विद्यार्थिनी उभी राहिली. "सर, ती घंटा जिथून आणली, ते तुम्ही पाहिलंय?"

खोटे कशाला बोलू? पाहिले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत मी मुकाट्याने एस.टी.त बसलो.

किल्ल्यात तिचे वडील माझी वाट पाहत होते. वाडीत केळी पिकवणारा साधा माणूस. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षे या कोटात वैभव नांदले. सेंट जोसेफचे चर्च १५४६ चे. १६०१ साली ते पुन्हा बांधले. त्याच्या मनोऱ्यावर चढलो. खाली माड, खाडी, पलीकडे समुद्र. आणि मनोऱ्यात घंटा नाही.

तिथून सेंट अँथनीच्या चर्चमध्ये गेलो. छप्पर केव्हाच गेलेले. पायाखाली मात्र थडगीच थडगी! त्या काळी मृतांना चर्चच्या फरशीखालीच पुरीत. शिळांवर घराण्यांची चिन्हे, पोर्तुगीज अक्षरे. एका शिळेचा अर्थ त्यांना कुणा फादरांनी सांगितला होता : ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची.

वारस! ते तर १७३९ च्या मे महिन्यात तहाप्रमाणे बायकामुलांसह गलबतांत बसून निघून गेले. त्यांच्यासाठी राखलेली जागा तेवढी राहिली.

मी विचारले, "ही तुमचेच पूर्वज ना?"

ते हसले. "छे हो, सर! हे फिरंगी सरदार. आमचे वाडवडील इथलेच, शेतकरी. हे गेले, आम्ही राहिलो."

तेवढ्यात माझे लक्ष त्यांच्या पायांकडे गेले. चपला त्यांनी दारातच काढल्या होत्या आणि शिळांमधल्या फटींतून जपून पावले टाकीत ते चालले होते. मी मात्र बुटांसकट एका नावावर उभा होतो.

"तुमचे कोणी नव्हेत, मग चपला कशाला काढल्या?"

"मेलेला माणूस आपला की परका, ते काय बघायचं, सर? नावावर पाय पडू नये, एवढंच."

मी निमूटपणे बूट काढले.

परवा पुन्हा नाशिकला गेलो होतो. घंटा पाहून ऊर आजही भरून आला; वसईच्या तटाखाली पडलेल्या वीरांचे मोल तिळभरही कमी झालेले नाही. पण घंटेकडे पाहता पाहता ती उघडी फरशी आठवली आणि तळपायांना दगडाचा गारवा जाणवला. वर्गात आता मी दोन्ही गोष्टी सांगतो. घंटेची आधी, फरशीची नंतर. दुसरी सांगताना मात्र आवाज आपोआप खाली येतो.