पान उघडेपर्यंत

मराठीतील 'पान' हा शब्द मोठा सोयीचा आहे. झाडाला पान असते, पुस्तकाला पान असते, विडा पानाचा होतो, आणि पंगतीत बसलेल्या माणसापुढे मांडतात तेही पानच. पुढे इंटरनेट आले आणि संकेतस्थळाच्या एकेका पडद्यालाही लोक पान म्हणू लागले. हे पाचवे पान पुस्तकाच्या पानाचे भावंड असावे, अशी आमची समजूत होती. ती चुकीची होती. पुस्तकाचे पान उलटावे तेव्हा उलटते. संकेतस्थळाच्या पानाचे खरे नाते पंगतीच्या पानाशी आहे, हे अंदमानात बदली झाल्यावर आम्हांला कळले. पान मांडलेले असते, डाव्या बाजूस मीठ-लिंबू वाढलेले असते, आणि भाताचे पातेले घेऊन निघालेला वाढपी माजघरातच कोठे तरी अडकलेला असतो!

परप्रांती नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस वाट पाहण्याची विद्या नव्याने शिकविण्याचे कारण नाही. बदलीचा हुकूम, प्रवासभत्त्याचे बिल, सरकारी बिऱ्हाड आणि मुलांचा शाळाप्रवेश यांची वाट पाहण्यात आपले अर्धे आयुष्य जाते. आमचे वडील नोकरीनिमित्त लखनौस होते. मिरजेस ट्रंक कॉल नोंदवून ते टेलिफोनशेजारी पत्त्यांचा 'पेशन्स' मांडून बसत. डाव सुटला तरी फोन लागत नसे आणि फोन लागला की डाव अर्धाच राही. अशा घराण्यात जन्म घेतल्यावर एका पानासाठी चार मिनिटे थांबणे आम्हांला जड जाऊ नये. तरी गेले.

२०१५ साली आम्ही पोर्ट ब्लेअरला रुजू झालो. (२०२४ पासून त्या शहराचे नाव श्री विजयपुरम असे आहे.) त्या काळी बेटांचा मुख्यभूमीशी इंटरनेटचा व्यवहार उपग्रहामार्फत चाले. आमच्या कचेरीतून निघालेली मागणी विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहाकडे जाई, तेवढेच अंतर खाली उतरून मुख्यभूमीवर पोहोचे, आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. एका प्रश्नोत्तराचा प्रवास जवळजवळ दीड लाख किलोमीटरांचा! प्रकाशाच्या वेगाने गेले तरी त्यास अर्धा सेकंद लागणारच. अर्धा सेकंद म्हणजे फार नव्हे. परंतु एक पान उघडावयाचे तर अशी प्रश्नोत्तरे अनेक व्हावी लागतात. शिवाय उपग्रहाची वाट अरुंद, आणि तिच्यावरून जावयास निघालेले अवघे बेट. त्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस. जोराच्या पावसात लहरी क्षीण होतात, हे विज्ञान सांगते. लहरी ह्या नावाप्रमाणेच लहरी असतात, हे आमच्या शिपायाने सांगितले. तो खिडकीतून आभाळाकडे पाहून "साहेब, बादल आ गया" असे म्हणाला, की आम्ही संगणकापुढून उठून चहा मागवीत असू.

पान उघडत नसले म्हणजे पडद्यावर एक चक्र फिरते. ब्रॅड मायर्स ह्या संगणकशास्त्रज्ञाने १९८५ साली आपल्या निबंधात असे दाखविले, की काम किती टक्के झाले हे सांगणारी पट्टी समोर असली तर माणसांना ते अधिक रुचते. चक्राचे तसे नाही. ते घाण्याच्या बैलाप्रमाणे फिरत राहते. किती तेल निघाले हे ते सांगत नाही. फार काय, घाण्यात तीळ घातले आहेत की नाहीत हेही सांगत नाही.

अशा वेळी माणसाने काय करावे? आमच्या कचेरीत बंगाली होते, तमिळ होते, तेलुगू होते, मल्याळी होते. प्रत्येकाने आपापल्या परीने ह्या प्रश्नाचे उत्तर शोधले होते. बंगाली दादा लहानपणच्या फुटबॉल सामन्याची हकीकत सुरू करीत. पान उघडले की सामना थांबे, आणि पुढील पानाला तेथूनच सुरू होई. तीन वर्षांत त्या सामन्याचा पूर्वार्धही संपला नाही. तमिळ अधीक्षक पैज लावीत. पानाच्या माथ्यावरची राजमुद्रा वरून खाली हळूहळू उतरे. अमुक मिनिटांत सिंहांच्या आयाळी दिसतील की नाही, ह्यावर चहा ठरे. सिंह बऱ्यापैकी लवकर दिसत. 'सत्यमेव जयते' मात्र तळाशी असल्यामुळे सर्वांच्या शेवटी येई. सत्याचा विजय होतो, पण त्याला विलंब लागतो, हे वचन एवढ्या स्पष्टपणे आम्ही अन्यत्र कोठेही पाहिले नाही.

आम्ही आमच्या वाट्याला पंगतीचा रिवाज घेतला. वाढप पुरे होईपर्यंत भुकेल्या मंडळींचा धीर सुटू नये म्हणून आपल्याकडे पंगतीत श्लोक म्हणतात. तो रिवाज आम्ही सहकाऱ्यांस समजावून सांगितला आणि त्यांना तो तत्काळ पटला. मग प्रत्येकाने आपापल्या भाषेतील एकेक पद्य म्हणावे असे ठरले. हिशेबाची पत्रके भरण्याच्या आठवड्यात तर आमची कचेरी बाहेरून जाणाऱ्यास भजनी मठ वाटत असावी. कधी फार चिडचिड झालीच, तर खिडकीतून सेल्युलर जेलच्या दिशेने पाहावे. १९०६ साली बांधून पुऱ्या झालेल्या त्या तुरुंगात सावरकरांसारख्या राजबंद्यास घरी पत्र लिहिण्यासाठी वर्ष वर्ष थांबावे लागे. ते आठवले म्हणजे चार मिनिटांच्या चक्राला नावे ठेवण्याची लाज वाटे.

येथवर विनोद सोपा होता. २०१७ च्या नोव्हेंबरात बदलीसाठी पसंतीपत्रक भरण्याचा हुकूम आला, आणि विनोदाची परीक्षा सुरू झाली. मुदत सात दिवसांची. आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मिरजेच्या घरात एकटी. "ह्या खेपेस नक्की येतो" असे तिला आम्ही सांगून चुकलो होतो. सात दिवसांपैकी सहा दिवस, पहिली पसंती पुण्याला द्यावी की कोल्हापूरला, ह्या चर्चेत आम्ही घालविले, हे येथे कबूल केले पाहिजे. सातव्या दिवशी पाचालाच काळोख पडला आणि पावसाने फळी धरली. रात्री आठापासून आम्ही कचेरीत. सौभाग्यवती डबा घेऊन आली. दादांचा सामना झाला, श्लोक झाले, गाण्यांच्या भेंड्या झाल्या. पहिले पान उघडले, दुसरे उघडले. अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सर्व रकाने भरून आम्ही 'सादर करा' ह्या शब्दांवर बोट ठेवले. चक्र फिरू लागले. बारा वाजून चार मिनिटांनी ते थांबले, आणि पडद्यावर अक्षरे उमटली : 'मुदत समाप्त. सहकार्याबद्दल धन्यवाद.'

सकाळी आईला फोन केला. पान वेळेवर उघडले नाही, म्हणून आणखी दोन वर्षे येथेच, असे सांगितले. ती क्षणभर थांबली.

"म्हणजे पानं मांडली आणि यजमानच उठून गेले म्हण की!" ती म्हणाली, आणि मग हळूच, "अरे, तिकडे यायला विमान आहे ना? मग मीच येते."

ती जानेवारीत आली आणि गुढीपाडव्यापर्यंत राहिली. संध्याकाळी आम्ही घरी संगणक उघडून बसलो, की ती कापूस घेऊन शेजारी बसे आणि वाती वळी. चक्राकडे ती पाहतसुद्धा नसे. पान उघडले की वाती मोजून सांगे, "बावीस झाल्या." पावसाच्या दिवशी पस्तीस होत, एकदा एकसष्ट झाल्या. आमच्या घरात घड्याळाचे माप मागे पडले. 'हे दहा वातींचे पान', 'ते चाळीस वातींचे' असे आम्ही बोलू लागलो. लक्षवातींचा तिचा जुना नेम होता, संसाराच्या धबडग्यात तो राहून गेला होता. "तुझं हे यंत्र असंच चालू दे," ती म्हणे, "माझा नेम पुरा होईल." कित्येक वर्षांत आम्ही आईशेजारी इतका वेळ स्वस्थ बसलो नव्हतो. बसलो ते केवळ उठता येत नव्हते म्हणून, हेही खरे.

एवढ्यावर हा लेख संपविला असता तर संथपणाचे गोडवे गाणाऱ्यांत आमची गणना झाली असती. ती होऊ नये म्हणून पुढील गोष्ट सांगणे भाग आहे. २०१९ च्या श्रावणात एके रात्री कोल्हापूरहून धाकट्या भावाचा फोन आला. विमानाचे तिकीट काढावयास बसलो. तेच चक्र, तोच पाऊस. सकाळच्या विमानातील अखेरची जागा ते चक्र फिरत असताना गेली. दुपारच्या विमानाने निघून मिरजेस पोहोचलो, तोवर सर्व आटोपले होते. त्या रात्री आम्हांला एकही श्लोक आठवला नाही आणि सौभाग्यवतीनेही भेंड्यांची गोष्ट काढली नाही. वाट पाहण्याला हसता येते, ते वाट पाहून जे मिळावयाचे ते नंतरही मिळणार असते तेव्हाच.

चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर आणि पुढील बेटांपर्यंत समुद्राखालून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची केबल १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली. त्या दिवशी कचेरीत पेढे वाटले गेले आणि आम्हीही ते मनापासून खाल्ले. पाने भराभर उघडू लागली. दादांचा सामना कायमचा अर्धवट राहिला. २०२१ साली नवे पसंतीपत्रक आम्ही मुदतीच्या पहिल्याच दिवशी भरले. तिन्ही पसंती महाराष्ट्रातल्या. पान डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सादर झाले, आणि बदली झाली ती जबलपूरला!

आईच्या वातींच्या जुड्या आम्ही येथे बरोबर आणल्या आहेत. लक्ष काही पुरे झाले नव्हते. परवा सेवानिवृत्तीच्या कागदासाठी आम्ही एक पान उघडावयास घेतले, तो बऱ्याच दिवसांनी ते जुने चक्र पडद्यावर फिरू लागले. सौभाग्यवतीने आतून कापसाचा डबा आणला आणि काही न बोलता शेजारी बसून ती वाती वळू लागली. नऊ वाती झाल्या आणि पान उघडले.

"आणखी जरा थांबलं असतं," ती म्हणाली, "तर दहा झाल्या असत्या."