नक्कल घेतल्याशिवाय लिहू नकोस

दौंड,
रविवार

चि. नितीन,

परवा फोनवर म्हणालास, "काका, पुरावा नदीत उघडा पडलाय, कागद कशाला हवा?" रात्री डोळा लागला नाही. शिरूरची बातमीदारी सोडून पुण्याच्या डेस्कवर जाऊ का, एवढंच तू विचारलं होतंस. जाऊ नकोस. पण हे कागदाचं काय बोललास?

माझं आयुष्य महसुलात गेलं. भीमेच्या पात्रात वाळूच्या बोटी जिलेटिन लावून उडवतात, धुराचा फोटो झकास येतो, तू छापतोस. बोट कुणाची? पंचनाम्यात 'अज्ञात इसम'! जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) प्रमाणे चोरट्या उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. ठोठावला किती, वसूल किती? बोजा कुणाच्या सातबाऱ्यावर चढला, कुणाचा गुपचूप उतरला? फेरफार वाच, माहिती अधिकारात अर्ज टाक, शिक्क्याची नक्कल घे. हसतोयस ना? नानाही हसायचा.

कागद पारखून घेतला नाही तर काय होतं, ऐक. 1882 साली कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल टिळक-आगरकरांनी दिवाण बर्व्यांवर कोरडे ओढले. पुढच्याच वर्षी अहमदनगरला गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज गेले, म्हणजे काळजी काही उगीच नव्हती. पण ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती कोर्टात बनावट ठरली, आणि दोघं 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात. एवढी विद्वान माणसं, बाबा! तुला तर व्हॉट्सअॅपवर कोणीही काहीही पाठवतं.

आता खरं सांगतो, कागदाचं मी इतकं लावून धरतो ते भीतीपोटीच. राजापूरचे शशिकांत वारिशे तुझ्यासारखेच तालुक्याचे बातमीदार. 6 फेब्रुवारी 2023 ला रिफायनरीच्या वादातली त्यांची बातमी छापून आली. त्याच दुपारी, जिच्याविषयी ती बातमी होती त्याच व्यक्तीच्या गाडीने त्यांच्या दुचाकीला उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. पत्रकार संरक्षणाचा कायदा तेव्हा राज्यात होता. हल्ल्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, सगळं त्यात आहे. पण तो लागू होतो हल्ला झाल्यावर.

म्हणून सांगतो, नकला तीन ठिकाणी ठेव. एक संच माझ्याकडे. बातमीत दुसऱ्या कुणा बातमीदाराला बरोबर घे, नाव वाटलं गेलं तरी चालेल. आणि रात्री पात्रात एकट्याने उतरू नकोस. पारगावला नानाचं काय झालं, ते तुझ्या आईला मीच सांगायला गेलो होतो. पुन्हा माझ्यावर ती वेळ आणू नकोस.

तुझा,
अण्णाकाका