थंडीत उघडी झडप

कोकणात वाढलेल्या माणसाला ओल बाहेरून येते हेच ठाऊक असतं. पावसाळ्यात दारं-खिडक्या लावायच्या आणि कपडे आत घ्यायचे. मिशिगनच्या उत्तर भागात ऑक्टोबरअखेर ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहायचं तर हे गणित उलटं मांडावं लागतं. तिथे ओल आपणच आत तयार करतो.

दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि त्वचेतून पाव-अर्धा लिटर पाणी सहज हवेत जातं. शेगडीत एक किलो प्रोपेन गॅस जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. भाताची वाफ डोळ्यांना दिसते, शेगडीच्या ज्योतीची दिसत नाही. ही सगळी वाफ थंड जागी पाणी होते: एकपदरी काचेवर, अॅल्युमिनियमच्या चौकटीवर, गादीखालच्या फळीवर. काच पुसता येते. गादीखालची ओल मात्र वास सुटल्यावरच कळते आणि तोवर बुरशी धरलेली असते.

शून्य अंशाच्या हवेत, ती कितीही दमट असली तरी, एका घनमीटरला जेमतेम ५ ग्रॅम पाणी मावतं. २० अंशाला १७ ग्रॅम. म्हणजे बाहेरची गार हवा आत येऊन तापली की कोरडीच होते. म्हणून बर्फ पडत असतानाही मी छताची झडप दोन बोटं उघडी ठेवतो. तिथला पंखा हवा बाहेर फेकेल असा, अगदी मंद लावतो आणि दुसऱ्या टोकाची खिडकी किलकिली करतो. हवेला यायला एक वाट आणि जायला एक वाट लागतेच. गादीखाली लाकडी पट्ट्या घालतो, कपाटांची दारं रात्री उघडी सोडतो.

शेगडीवर ट्रेलर कधीही तापवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे त्याचा अलार्म चालू हवाच. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून त्याचा अलार्म खाली बसवतात आणि फरशीजवळच्या जाळ्या कधी बुजवायच्या नसतात.

झडपेतून थोडी ऊब जाते, गॅस थोडा जास्त लागतो. तो खर्च मी अंथरुणाच्या आणि फुप्फुसांच्या नावे लिहितो. थंडीपासून बचाव करायला हीटर आहे; कोंडलेल्या हवेपासून वाचायचं तर झडप उघडायला आपल्यालाच उठावं लागतं.