धडकत नाही, एवढं पुरे नाही

कोबॉट, म्हणजे कुंपणाशिवाय माणसाच्या शेजारी काम करणारा रोबॉट, कोणाला लागत नसेल तर तो पास, असं माझं बरीच वर्षं मत होतं. ते हवेतलं नव्हतं. 2016 च्या आयएसओ/टीएस 15066 मध्ये शरीरावरच्या 29 जागा धरून कुठे किती दाब चालेल याचं कोष्टकच आहे. मी यंत्रसुरक्षेतला माणूस. कोष्टक दिसलं की मला झोप चांगली लागते.

सोयीचा विषय निघाला की मी ‘रूला’चा तक्ता पुढे करायचो. नॉटिंगहॅमच्या मॅकअ‍ॅटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी 1993 साली मांडलेली ही पद्धत दंड, मनगट, मान, पाठ यांचे कोन बघून 1 ते 7 गुण देते. सात आले तर काम ताबडतोब बदला.

भोसरीतल्या एका लाइनवर रोबॉट जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो भाग, धरायचा आणि ऑपरेटर स्क्रू आवळायचा. गुण आले 3, म्हणजे ‘सवडीने बघा’. पण जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांचे खांदे भरून यायचे. एक ताई म्हणाल्या, “साहेब, हा दमत नाही आणि दमही घेऊ देत नाही.” मी तक्ता पुन्हा वाचला. हात मिनिटाहून जास्त वेळ तसाच धरला तर रूला एक गुण वाढवते. मिनिटभर धरा नाहीतर तासभर, गुण एकच! स्नायूचं तसं नसतं. सतत ताणलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. तो थकला की त्वचेवरून घेतलेल्या ईएमजीत, म्हणजे स्नायूच्या विद्युत संकेताच्या नोंदीत, त्याच कामाला संकेत मोठा होतो आणि त्याची वारंवारता उतरते. कोन मात्र जसाच्या तसा.

खरी गोची उंचीची होती. रोबॉटला जॉब धरायला शिकवलं एका उंच पोराने, त्यामुळे बुटक्या माणसाचे हात दिवसभर वर. जॉब धरून ठेवणाऱ्या लोखंडी फिक्स्चरची उंची बदलायला वेल्डर लागतो, रोबॉटची प्रोग्रॅममध्ये बदलते. तरी आम्ही त्याला महागडं फिक्स्चर करून ठेवलं होतं. जिनोआतल्या इटालियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत माणसाच्या सांध्यांवरचा भार काम चालू असतानाच मोजून, त्याप्रमाणे रोबॉटने जॉबची जागा बदलावी, यावर काम झालं आहे.

रोज ईएमजी लावा, असं मात्र मी म्हणणार नाही. मे महिन्यातल्या घामात इलेक्ट्रोड टिकत नाहीत. शिवाय कोण किती थकलं याची नोंद मॅनेजरच्या हाती गेली, की रोबॉटऐवजी माणूसच बदलला जाण्याची मला भीती वाटते. मोजमाप चाचणीपुरतं करावं. एरवी बोर्गच्या 0 ते 10 मापावर थकवा किती, हे सरळ विचारावं.

तेव्हा कोबॉट घेणाऱ्यांना विनंती: चाचणीला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात उंच, असे दोन्ही ऑपरेटर उभे करा, शिफ्टच्या शेवटच्या तासाला त्यांना विचारा, आणि त्यानंतरच सही करा.