मॅडम, मोकळ्या व्हा!

मागच्या एका प्रशिक्षणाची गोष्ट. एका हायस्कूलच्या हॉलमध्ये आम्ही साठ-सत्तर शिक्षक सकाळी साडेनऊला जमलो होतो. मी उचगावच्या पुलाखालच्या गर्दीतून स्कूटर काढत कशीबशी वेळेत पोचले. पर्समध्ये एक चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर एकच प्रश्न. तो नंतर सांगते, कारण त्या दिवशीही त्याचा नंबर नंतरच लागला.

सुरुवात ‘आईस ब्रेकिंग’नं झाली. आधी पाऊस टाळी, मग वादळ टाळी. मग प्रत्येकानं आपल्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून स्वतःला एक विशेषण लावायचं. कुणी प्रेमळ झालं, कुणी आनंदी, कुणी सुस्वभावी. मी ‘जबाबदार’ म्हणून सुटले. माझं नाव उर्दूत ‘ज़ोय’नं सुरू होतं आणि जबाबदार ‘जीम’नं. माझ्या पाचवीच्या मुलांनी लगेच चूक धरली असती. इथपर्यंत गंमतच होती.

पुढचा खेळ हातांची गाठ. दहा-बारा जणांनी गोल करायचा, समोरच्यांचे हात धरायचे आणि हात न सोडता ती गाठ सोडवायची. स्त्री-पुरुष एकत्र. मी एक पाऊल मागं झाले. म्हटलं, ‘‘सर, मी बाजूला उभी राहून बघते.’’

सुलभक हसून म्हणाले, ‘‘मॅडम, मोकळ्या व्हा! इथं सगळे आपलेच आहेत.’’ त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. पण मागून कुणीतरी, तेही अगदी आपुलकीनं, बोललं, ‘‘त्यांच्यात चालत नाही हो.’’ आणि सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. पाच मिनिटांपूर्वी मी जबाबदार होते. आता मी फक्त ‘त्यांच्यातली’ उरले.

जेवणाच्या सुट्टीत करवीर तालुक्यातल्याच एका गावच्या बाई डबा घेऊन शेजारी येऊन बसल्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, डोक्यावर पदर. म्हणाल्या, ‘‘बरं झालं बाई, तुम्ही नाही म्हटलासा. मला बी नको वाटत हुतं. पण म्हणायचं कसं?’’ पलीकडचे एक सर म्हणाले, ‘‘माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी फोन आल्यासारखं करून बाहेरच गेलो.’’ म्हणजे नको असलेले आम्ही तिघं तरी होतो. बाईंचा संकोच कुणाला दिसला नाही, सरांचा गुडघा कुणी विचारला नाही. माझ्या नकाराला मात्र लगेच धर्माचं कारण मिळालं. ज्या खेळानं अंतर कमी व्हायचं, त्यानं ते सगळ्यांसमोर मोजून दाखवलं.

आता चिठ्ठीवरचा प्रश्न. माझी मुलं उर्दू माध्यमाची. गल्लीत मराठी असल्यामुळं बोलताना ‘शाळा’, ‘पाणी’ अगदी नीट म्हणतात. पण लिहायला बसली की ‘शाला’ आणि ‘पानी’. उर्दू वर्णमालेत ‘ळ’ही नाही आणि ‘ण’ही नाही. शिवाय एक वही उजवीकडून भरायची, दुसरी डावीकडून. मग मराठी हीच पहिली लिपी असलेल्या मुलांच्या मापानं यांचं लेखन तपासायचं का, आणि नसेल तर कसं तपासायचं? एवढंच विचारायचं होतं. साडेचारला प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पाच मिनिटांत संपली. ‘‘राहिलेले प्रश्न ग्रुपवर टाका,’’ असं सांगण्यात आलं. मी टाकला. त्याच्याखाली चाळीस जणांनी ‘धन्यवाद’ लिहिलं आणि हात जोडले. उत्तर आजतागायत आलेलं नाही.

घरी येऊन हिशोब केला. सहा तासांत सत्तर मिनिटं खेळांत गेली होती. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास असं शिक्षण घ्यावं, असं म्हटलं आहे. याच प्रमाणात चाललं तर त्यातले जवळजवळ दहा तास टाळ्यांत जातील.

इथं लेख संपवला असता तर मी बरोबर आणि बाकी सगळे चूक, असं होऊन गेलं असतं. पण मला दुसरीही गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला जड जाते.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः सुलभक होते. नवा उत्साह होता. मी हॉलमध्ये विचारलं, ‘‘बालपणीची सगळ्यात आनंदाची आठवण सांगा.’’ किती निरुपद्रवी प्रश्न! कुणी आजोळची जत्रा सांगितली, कुणी रंकाळ्यावरची भेळ. मग निवृत्तीला आलेले एक सर उभे राहिले, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘पुढच्याला विचारा.’’ आणि मी म्हणाले, हो, मीच म्हणाले, ‘‘सर, मोकळे व्हा!’’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘‘आई वीटभट्टीवर होती. आठवणी हायत. आनंदाच्या न्हाईत,’’ एवढं बोलून ते खाली बसले. माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं, ‘प्रत्येकाचे टाळ्यांनी स्वागत करावे.’ मी टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत.

म्हणून मला त्या दिवशीच्या सुलभकांचा फार राग करता येत नाही. हातात माईक आला की समोरच्याचं गप्प राहणं हा आपला पराभव वाटायला लागतो.

बीएडला आम्ही कर्ट लेविन हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. अलीकडं जरा नीट वाचलं. हा ज्यू मानसशास्त्रज्ञ १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून निघून अमेरिकेत आला. बदल व्हायचा तर आधी गोठलेलं वितळावं लागतं, हा विचार त्याचाच. १९४६ मध्ये कनेक्टिकट राज्यात त्यानं एक कार्यशाळा घेतली. वांशिक आणि धार्मिक पूर्वग्रहांविरुद्ध काम करणाऱ्यांसाठी ती होती. दिवस संपला की संशोधक मंडळी बसून, आज कोण कसं वागलं, याची आपसांत चर्चा करायची. काही प्रशिक्षणार्थींनी विचारलं, आम्ही बसलो तर चालेल का? लेविननं बसू दिलं. मग एका बाईनं, माझ्याबद्दल तुम्ही सांगता तसं झालंच नव्हतं, असं तोंडावर सांगितलं. वाद झाला, आणि त्या वादातून सगळेच शिकले. पुढच्या रात्रींपासून त्या बैठकीला गर्दी व्हायला लागली. आजच्या गटप्रशिक्षणाचं एक मोठं मूळ तिथं आहे. तिथं खेळ नव्हता. ज्यांच्याविषयी बोलणं चाललं होतं, त्यांना त्या बोलण्यात जागा मिळाली, एवढंच झालं होतं.

कोल्हापूरकरांना तर यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातल्या माणसाला शाहू महाराजांनी भर वस्तीत चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथं थांबून चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. ही गोष्ट आपण शाळेत दरवर्षी सांगतो. तिच्यातला एक बारकावा माझ्या उशिरा लक्षात आला. महाराजांनी गंगारामला ‘मोकळा हो’ असं सांगितलं नाही. ज्याच्या हातात सत्ता होती, त्यानं आधी कप उचलला.

आपल्याकडं मजलिसीचे अदब सांगताना कुरआनातल्या ‘मुजादिला’ सूरेचा हवाला देतात. बैठकीत दुसऱ्याला जागा करून द्या, अल्लाह तुम्हाला जागा करून देईल, असा तिथला आशय. लहानपणी मी त्याचा अर्थ सरकून बसणं एवढाच घेत होते. आता वाटतं, आपला प्रश्न घेऊन आलेल्याला वेळ देणं आणि न बोलणाऱ्याला न बोलू देणं, हीसुद्धा जागाच आहे.

मग खेळ नकोतच का? तसं मी म्हणणार नाही. पवित्र पोर्टलवरून निवड होऊन लांबच्या जिल्ह्यांतून आलेली तरुण मुलं-मुली आमच्या बैठकीत असतात. त्यांना कुणी ओळखत नसतं. एका मुलीनं मला सांगितलं, ‘‘मॅडम, त्या खेळामुळं तर मला पहिल्या दिवशी डबा खायला सोबत मिळाली.’’ हे खरं आहे. आणि जेवणानंतर दोन तास नुसतं ऐकत बसलं की डोळे मिटतात, हेही खरं. उठून दोन मिनिटं हातपाय हलवायला कुणाची हरकत असेल? माझं म्हणणं इतकंच की अंगाला हात लावायला लागू नये, घरातलं काही उकरायला लागू नये, आणि नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. पाच मिनिटांत आटपावं आणि त्यातून दिवसाच्या विषयाकडं वाट जावी.

माझा भाऊ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. त्यांच्याकडं शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटं सगळे गोल करून उभे राहतात आणि काल कुठं अडलं, कुठं धोका वाटला, एवढंच बोलतात. भाऊ म्हणतो, ‘‘आपा, तिथं नवीन पोरगा बी बोलतो, कारण विषय त्याच्या हाताचा असतो.’’

ते मी उचललं. यंदा केंद्राच्या एका शिक्षण परिषदेत सुरुवात करायची पाळी माझ्यावर आली. मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. या महिन्यात वर्गात कुठं अडलं ते लिहा, नाव घालू नका, लिहायचं नसेल तर कोरी टाका. पहिली चिठ्ठी स्वतःची, तीच ‘ळ’ची, आणि ती नाव सांगून वाचली. मागून एक तरुण सर उठले. ‘‘मॅडम, माझ्याकडं बाहेरून आलेल्या कामगारांची हिंदी बोलणारी मुलं आहेत. ती तर बोलतात पण ‘शाला’च.’’ मग पंचवीस मिनिटं नुसतं ‘ळ’वर बोलणं झालं. जीभ कशी वळवायची, शब्दांच्या जोड्या कशा लावायच्या, गुण कुठं कापायचे आणि कुठं नाही. उर्दूवाले आणि मराठीवाले असं वेगळं कुणी उरलं नव्हतं. दोन चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. त्या मी तशाच घडी करून ठेवल्या.

वीटभट्टीवाले सर आता निवृत्त झालेत. मागच्या महिन्यात उचगाव पुलाजवळ भेटले. मी धीर करून म्हटलं, ‘‘सर, त्या दिवशी माझं चुकलं. माफ करा.’’ ते म्हणाले, ‘‘अवो मॅडम, किती दिवसांचं घेऊन बसलाय? चला, चहा घेऊ.’’ टपरीवर उभ्या उभ्या चहा झाला. मी काही विचारलं नाही. कप अर्धा झाल्यावर तेच आईविषयी बोलायला लागले, आणि बराच वेळ बोलत राहिले.